वरच्या अंगाचे लोक

कोकणातला माणूस कुणाला 'घाटावरचा' म्हणतो तेव्हा त्यात दिशा किती आणि हिणवणं किती, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं असतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागात सखल भातशेतीत आणि समुद्रावर वाढलेल्या बुगिस लोकांनीही आपल्या डोंगरातल्या शेजाऱ्यांना असंच एक नाव दिलं होतं : तो रि आजा. 'तो' म्हणजे माणसं, 'आजा' म्हणजे वरचं अंग. गंमत अशी की याच डोंगरांच्या पूर्वेला असलेल्या लुवूच्या राज्यात त्यांना 'पश्चिमेकडचे' अशा अर्थाच्या, पण उच्चाराने जवळच्याच शब्दाने ओळखत. दोन्ही बाजूंनी घासून घासून जे नाव उरलं ते तोराजा. ज्यांचं हे नाव, ते मात्र स्वतःला तोराजा म्हणत नव्हते. ते पांगालाचे होते, केसूचे होते, सांगाल्लाचे होते. आणि त्याहून बारकाईने विचारलंत तर अमुक एका घराचे होते.

हा मुलूख मकासार बंदराच्या उत्तरेला सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. किनाऱ्याने पारेपारेपर्यंत जायचं, मग रस्ता आत वळतो आणि एन्रेकांगपासून डोंगर अंगावर येतात. चुनखडीचे सरळ तुटलेले कडे, त्यांच्या पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, मध्येच माणसाच्या मांडीएवढ्या जाडीचे बांबू. मधून साद्दान नदी वाहते आणि डोंगर फोडत पार पश्चिम किनाऱ्यावर समुद्राला मिळते. उत्तरेला सेसेअन पर्वत दोन हजार मीटरच्या वर चढतो. त्याच्या अंगाखांद्यावर सकाळी ढग खाली आणि गावं वर अशी स्थिती असते. रांतेपाओ आणि मकाले ही इथली दोन मुख्य गावं. आज ती दोन वेगळ्या जिल्ह्यांची ठाणी आहेत, कारण २००८ साली उत्तर तोराजा वेगळा काढला गेला.

या डोंगरात गावापेक्षा घराला मान जास्त. तोंगकोनान म्हणतात ते घर लाकडी खांबांवर उभं, दोन्ही टोकांना नावेसारखं उचललेलं छप्पर, तोंड उत्तरेला, भिंतीवर लाल-काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या रंगांतलं कोरीव काम, आणि समोरच्या खांबावर एकावर एक ठोकलेली रेड्यांची शिंगं. शिंगं मोजली की त्या घरात किती थोर माणसं किती थाटाने गेली याचा हिशेब लागतो. समोर भाताच्या कोठारांची ओळ. 'तोंगकोन' म्हणजे बसणं. म्हणजे हे राहण्याचं घर तर खरंच, पण त्याआधी कुळाने एकत्र बसण्याची जागा. आणि बसण्याच्या जागेत कोण कुठे बसणार हेही ठरलेलं. समाजाच्या चार पायऱ्या होत्या आणि त्यांची नावं खुंट्यांवरून पडलेली : सोन्याची खुंटी, लोखंडाची, ताडाच्या कठीण लाकडाची आणि सर्वांत खाली बोरूची. बोरूची खुंटी म्हणजे दास. दूरच्या डोंगरातली माणसं साधी, समान आणि निष्पाप असतात असं आपल्याला वाटायला आवडतं. तोराजांच्या इतिहासात त्याला फारसा आधार मिळत नाही.

खालच्या लोकांशी त्यांचा संबंध जुना. सतराव्या शतकात बोनेचा बलाढ्य राजा आरुंग पालाक्का या डोंगरात सैन्य घेऊन चढला तेव्हा एरवी एकमेकांच्या जिवावर उठणाऱ्या खोऱ्यांनी एकजूट करून त्याला परत खाली लोटलं. त्या लढ्यातल्या पुढाऱ्यांना तोराजा 'तो पादा तिंदो' म्हणतात, म्हणजे एकच स्वप्न पडलेली माणसं. पण स्वप्न ओसरलं आणि पुन्हा ज्याचं त्याचं खोरं ज्याला त्याला. त्यांच्यावर एक राजा कधीच नव्हता. दक्षिणेला मकाले, सांगाल्ला आणि मेंकेंदेक या तीन ठिकाणी 'पुआंग' ही पदवी लावणारे अधिपती होते, तर उत्तरेला असंख्य लहानमोठे सरदार.

मग एकोणिसाव्या शतकात या डोंगरात कॉफी आली, आणि शतकाच्या उत्तरार्धात तिला सोन्याचं मोल आलं. त्याचं एक कारण हजारो मैलांवर घडत होतं. १८६९ पासून श्रीलंकेतल्या कॉफीच्या मळ्यांवर पानांचा तांबेरा पडला. काही वर्षांत तो जावातही पोचला आणि सखल भागातली अरेबिका झोपली. तोराजांची झाडं उंच, थंड उतारांवर होती. ज्या उतारावर भात पिकत नव्हतं, त्या उतारावरचं फळ आता भातापेक्षा जास्त पैसा आणू लागलं.

डोंगरातून खाली उतरायला वाटा दोन. एक पूर्वेला, पालोपो बंदराकडे. तिच्यावर लुवूची सत्ता आणि लुवूमागे बोनेचा हात. दुसरी दक्षिणेला एन्रेकांगवरून सिदेन्रेंगच्या मुलखात आणि पुढे पारेपारेला. कॉफी कुठल्या वाटेने उतरते यावर जकात कुणाला मिळणार हे ठरे. साहजिकच दोन्हीकडच्या बुगिस सत्तांनी डोंगरातल्या सरदारांना आपल्या बाजूला ओढायला सुरुवात केली. कुणाला बंदुका दिल्या, कुणाला सैन्य, कुणाला धमक्या. १८८९-९० च्या सुमारास ही ओढाताण उघड युद्धावर आली. इतिहासात तिला कॉफीचं युद्ध असंच म्हणतात.

त्या वाटांनी फक्त कॉफीची पोती उतरत नव्हती. माणसंही उतरत होती. बंदूक हवी तर किंमत मोजायला हवी, आणि कॉफी कमी पडली की शेजारच्या खोऱ्यावर छापा घालून धरून आणलेली माणसं ती किंमत भागवत. कर्जात बुडालेले, जुगारात आणि कोंबड्यांच्या झुंजींवर सगळं हरलेले, तेही याच रांगेत. त्या काही दशकांत हजारो तोराजा असे खाली विकले गेले. विकणारे सगळेच परके नव्हते. वरच्या सरदारांनी धरून द्यायचं, खालच्या व्यापाऱ्यांनी न्यायचं, असा तो सरळ व्यवहार होता. बंदुका जितक्या जास्त वर आल्या तितके छापे वाढले, आणि छापे वाढले तशी आणखी बंदुकांची गरज पडू लागली.

या काळाने घडवलेला माणूस म्हणजे पोंग तिकू. १८४६ च्या सुमाराचा जन्म, बाप सेसेअनच्या पश्चिमेकडच्या पांगाला खोऱ्याचा अधिपती. तरुणपणी त्याने शेजारचं बारुप्पू लढून घेतलं, बाप गेल्यावर पांगाला त्याच्याकडे आलं. त्याच्या उतारांवर कॉफी चांगली पिकत असे आणि ती कुणाला विकायची हे त्याला चांगलं कळत असे. कॉफीच्या युद्धात दक्षिणेकडून आलेल्या बुगिस फौजेने त्याचं मुख्य ठाणं तोंदोन उद्ध्वस्त केलं. तिकूने त्याच दिवशी ते परत घेतलं, पण त्या दिवसाने त्याला जो धडा शिकवला तो पुढे डच फौजेला महागात पडला. त्याने डोंगरमाथ्यांवर किल्ल्यांची आणि टेहळणीच्या चौक्यांची साखळीच उभी केली. बुंतू आसू, बुंतू बातू, लाली लोंदोंग ही त्यातली काही नावं. 'बुंतू' म्हणजे डोंगर. किल्ला म्हणून वेगळं बांधकाम फारसं नव्हतं; निसर्गानेच तीन बाजूंनी कडा तोडलेला असे, चौथ्या बाजूला दगडी भिंत घातली की काम झालं. गडाचं अर्धं बळ त्याच्या कड्यात असतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आत तांदळाची कोठारं भरायची, पाण्याची सोय बघायची आणि वाट पाहायची.

वाट बघायला लागली ती बुगिसांची नव्हे. १९०५ मध्ये डचांनी दक्षिण सुलावेसीवर मोठी मोहीम काढली. शतकानुशतकं मकासारच्या किल्ल्यात बसून तहांवर काम भागवणाऱ्या डच सत्तेने आता बेटांच्या आतपर्यंत थेट अंमल बसवायचं ठरवलं होतं. आचेहचं युद्ध जिंकल्याची कीर्ती असलेला फान ह्यूट्झ तेव्हा गव्हर्नर जनरल होता. बोने पडलं. सप्टेंबरमध्ये लुवू पडलं. १९०६ च्या सुरुवातीला डच तुकड्या पालोपोहून डोंगर चढून रांतेपाओत आल्या, म्हणजे कॉफी ज्या वाटेने उतरत होती तीच वाट उलटी चढून. बहुतेक सरदारांनी नमतं घेतलं. एकच स्वप्न पडायला या वेळी कुणी झोपलेलंच नव्हतं. जो तो शेजाऱ्यावर डोळा ठेवून जागा होता. काहींना तर तिकूचा काटा परस्पर निघाला तर बरंच वाटत असावं.

तिकूने हेर पाठवले, अंदाज घेतला आणि नमायला नकार दिला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच्या किल्ल्यांभोवती लढाई चालली. त्याच्याकडे बंदुका होत्या, पण त्यांच्याइतकेच कामाला आले ते वरून सोडलेले दगड, भाले, आणि एक अस्सल स्वयंपाकघरी शस्त्र : बांबूच्या नळीतून शत्रूच्या डोळ्यांत उडवलेलं मिरचीचं पाणी. पायवाट एकेरी, कडा ओला, वरून धोंडे आणि डोळ्यांत मिरची, अशा अवस्थेत जगातल्या त्या वेळच्या एका आधुनिक सैन्याला एकेक माथा जिंकायला महिने लागले. तोफा आल्या तेव्हा पारडं फिरलं. एकामागून एक किल्ले पडत गेले.

शेवट लढाईने झाला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीला मध्यस्थ गडावर गेले आणि बोलणी सुरू झाली. तिकूने ती मान्य का केली याचं तोराजात जे कारण सांगतात ते त्या मातीतच पटण्यासारखं आहे : वेढ्यात त्याची आई वारली होती आणि तिचे विधी व्हायचे होते. हा माणूस तांदूळ संपत आला म्हणून खाली उतरला असंही म्हणता येईल, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकेल. पण तोराजा मनात पहिल्या कारणाचं वजन किती आहे हे कळायला त्यांच्याकडचं मरण कळायला हवं.

त्यांच्याकडे श्वास थांबला म्हणून माणूस मेला असं होत नाही. तो 'आजारी' असतो. देह घरातच, तोंगकोनानच्या एका दालनात ठेवतात, त्याला जेवण वाढतात, येणारेजाणारे त्याच्याशी बोलतात. महिने जातात, कधी वर्षं. मोठा विधी, रांबू सोलो, म्हणजे 'उतरता धूर', पार पडतो आणि पहिला रेडा पडतो तेव्हा माणूस खऱ्या अर्थाने मरतो आणि दक्षिणेकडे, पूर्वजांच्या लोकाला निघतो. रेड्यांनीच त्याला तिथे पोचवायचं. कातळात कोरलेल्या गुहेत देह ठेवतात, आणि थोर घरातला असेल तर बाहेर सज्ज्यात त्याचा लाकडी पुतळा, ताउ-ताउ, डोळे उघडे ठेवून शेताकडे बघत उभा राहतो. विधी न झालेली आई म्हणजे घरात अडकून राहिलेली आई. मुलाने काय करावं?

शस्त्रं गेली, किल्ला गेला. जानेवारी १९०७ मध्ये त्याला मुलखाबाहेर नेण्याची चिन्हं दिसताच तिकू थोड्या साथीदारांसह निसटला आणि दक्षिणेला आल्लाच्या किल्ल्यात गेला, जिथे एन्रेकांगकडचे लोक अजून झुंजत होते. मार्चमध्ये तेही संपलं. जूनअखेर रानात तो पकडला गेला आणि १० जुलै १९०७ ला रांतेपाओजवळ, साद्दानच्या काठी, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. नदीत अंघोळ करत असताना घातल्या, असंही सांगणारे आहेत. वय साठीच्या घरात. २००२ मध्ये इंडोनेशियाने त्याला राष्ट्रीय वीर ही पदवी दिली, तेव्हा कॉफी, छापे आणि शेजाऱ्यांशी केलेली भांडणं मागे पडून फक्त डचविरोधी लढा पुढे आला. राष्ट्राला वीर हवे असतात ते धुऊनपुसून.

डचांनी मग तेच केलं जे डोंगर जिंकणारे सगळीकडे करतात. माथ्यावरची गावं खाली, रस्त्याच्या कडेला आणली. रोख कर बसवला, वेठीने रस्ते बांधून घेतले. दासांचा व्यापार थांबला, ही गोष्ट त्यांच्या जमेला धरलीच पाहिजे, मात्र बोरूच्या खुंटीचे लोक बोरूच्याच खुंटीला राहिले. आणि कागदावर या सगळ्या खोऱ्यांचं एक नाव पडलं. खालच्यांनी दिलेलं ते नाव हळूहळू वरच्यांच्या तोंडी बसलं.

१९१३ मध्ये डच रिफॉर्म्ड पंथाच्या मिशनतर्फे आंतोनी फान द लोस्ड्रेख्त हा तरुण पत्नीसह आला. वय अठ्ठावीस. उत्साह दांडगा. त्याने शाळा काढल्या. आईबापांना वाटलं, पोरं सरकार नेऊन कुठेतरी विकणार. त्यांच्या अनुभवात मुलं गोळा करण्याचा दुसरा अर्थ नव्हताच. लोस्ड्रेख्त सरदारांच्या जुलमावर बोलायचा, सरकारकडे तक्रारी करायचा, झुंजी आणि अंत्यविधींतल्या उधळपट्टीवरही त्याचा राग. म्हणजे गरिबांना त्याची शाळा नको आणि बड्यांना तोच नको. २६ जुलै १९१७ ला बोरी गावात त्याला भाल्याने भोसकून मारलं. बोरीत आजही विधीच्या जागेत थोर मृतांच्या नावाने उभ्या केलेल्या शिळा आहेत, काही माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच. कोणत्या भूमीवर उभं राहून आपण 'उधळपट्टी' म्हणतोय याची त्याला पुरती कल्पना होती का, कोण जाणे.

त्याच्या मरणाने मिशनरी थोडे सावध झाले. १९१६ मध्ये आलेला भाषातज्ज्ञ हेन्ड्रिक फान देर वेन तर अनेक दशकं या भाषेत बुडून राहिला. या लोकांना स्वतःची लिपी नव्हती. 'तो मिनाआ' म्हणवणारे विधिज्ञ पुरोहित तासन्‌तास पाठ म्हणत, आणि त्याने ते ऐकून उतरवले. त्याचा कोश १९४० साली निघाला. पण मिशनने केलेली खरी शस्त्रक्रिया शब्दावर होती. तोराजांकडे 'आलुक' हा एकच शब्द होता. देव, पितर, पेरणी, घर बांधणं, मांस कसं वाटायचं, सगळं आलुक. आपल्या जुन्या 'धर्म' शब्दासारखाच ऐसपैस. मिशनऱ्यांनी त्याच्या शेजारी 'आदात' म्हणजे रूढी हा मलाय भाषेतून आलेला अरबी शब्द उभा केला आणि कुठला विधी कुठल्या पेटीत जाईल ते ठरवू लागले. देवाला वाहिलेला रेडा हा आलुक, म्हणून पाप. पाहुण्यांना मांस वाटण्यासाठी मारलेला रेडा ही आदात, म्हणून चालेल. रेड्याला यातला फरक कळण्याचा संभव नव्हता, पण समाजाला वाट मिळाली.

तरी १९५० पर्यंत जेमतेम दहा टक्के लोक ख्रिस्ती झाले होते. त्यांना घाईने चर्चकडे लोटलं ते पुन्हा खालच्यांनी. काहर मुझाक्कर या बुगिस मुलखातल्या बंडखोराने १९५० पासून दक्षिण सुलावेसीत सरकारशी लढा मांडला आणि पुढे त्याला दारुल इस्लामचं, म्हणजे इस्लामी राज्य मागणाऱ्या बंडाचं रूप दिलं. १९६५ मध्ये तो मारला गेला, तोवर डोंगराच्या वेशीवरची गावं जळाली, धर्मांतराचा धाक आला, वाटा बंद झाल्या. पाठोपाठ १९६५ च्या कम्युनिस्टांच्या हत्याकांडानंतर ज्याला सरकारमान्य धर्म नाही त्याच्याकडे संशयाने बघण्याचे दिवस आले. 'पूर्वजांची वाट', आलुक तो दोलो, ही काही यादीत नव्हती. मग १९६९ मध्ये एक तोड निघाली : ती हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदवली गेली. वेद नाहीत, राम नाही, पुनर्जन्म नाही. पुआंग मातुआ हा सृष्टीकर्ता, आणि डुकराशिवाय विधी नाही. कागदावर मात्र हिंदू. बालीतल्या हिंदूंना मान्यता आधी मिळालेली होती, तिच्या छत्रीत हे जुन्या वाटेचे लोकही उभे राहिले. आज दोन्ही जिल्ह्यांत बहुसंख्य ख्रिस्ती आहेत, आणि अंत्यविधीत पाद्री प्रार्थना म्हणतो व पलीकडे रेडे बांधलेले असतात.

हे रेडे म्हणजे आजच्या तोराजाचं अर्थशास्त्र. ते नांगराला जुंपत नाहीत. गुराखी पोरं त्यांना चारतात, डबक्यात धुतात, अंगाला तेल लावतात. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा आणि निळसर डोळ्यांचा 'तेदोंग बोंगा' एखाद्या मोटारीच्या किमतीला जातो. सोन्याच्या खुंटीच्या घरात चोवीस रेड्यांखाली जाणं म्हणजे नाक कापलं जाणं. कुणी किती रेडे, किती डुकरं आणली हे लिहून ठेवतात, अगदी आपल्या आहेराच्या वहीसारखं, आणि ते फेडावंच लागतं. बाप फेडू शकला नाही तर मुलगा. आईबापांच्या विधीत कुणी किती रेडे कापले त्या मानाने भावंडांत भातखाचरांची वाटणी करण्याची जुनी चाल आहे. हिशेब पक्का. शोकातसुद्धा.

आणि हा हिशेब भागवायला माणसं पुन्हा डोंगर उतरली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तोराजा तरुण मकासारला, कालिमांतानला, पापुआच्या खाणींकडे आणि लाकूडतोडीच्या कामांवर जाऊ लागले. कित्येक जण बोरूच्या खुंटीचे. त्यांच्या पगारातून गावी रेडे येऊ लागले, आणि ज्यांच्या आज्यांना एक डुक्करही मिळालं नसतं त्यांची मढी थाटात निघू लागली. जुन्या सरदारघराण्यांना ते मुळीच रुचलं नाही. सत्तरच्या दशकात पर्यटक आले. मागोमाग चोर आले, आणि ऐंशीच्या दशकात कड्यांवरचे ताउ-ताउ उपटून परदेशी संग्राहकांना विकले गेले. डोळे उघडे ठेवून उभ्या असलेल्या पूर्वजांनाही दास म्हणून उतरवल्यासारखं. कॉफीलाही पुन्हा दिवस आले. एका जपानी कंपनीने ओस पडलेले डच मळे उठवले आणि १९७८ पासून तोराजाचं नाव टोकियोच्या कॉफीगृहांत झळकू लागलं.

पोंग तिकूच्या पांगाला-बारुप्पूच्या भागात भात निघाल्यावर, ऑगस्टच्या सुमारास, 'मा नेने' होतो. गुहांतून पेट्या बाहेर काढतात, वाळलेले देह उन्हात ठेवतात, साफ करतात, नवे कपडे घालतात. कुणी आजोबाच्या डोळ्यांवर चष्मा चढवतं, कुणी ओठांत सिगारेट ठेवतं, नातवंडं शेजारी उभी राहून फोटो काढून घेतात. त्यासाठी दूरदूरची माणसं घरी येतात.

जुन्या धावपट्टीला तिकूचं नाव होतं; २०२१ मध्ये नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं, पण बहुतेक सगळं अजूनही एन्रेकांगच्या रस्त्यानेच चढतं. डोंगरातले रेडे आता विधींना पुरत नाहीत, म्हणून ते दुसऱ्या बेटांवरून जहाजाने आणि मग ट्रकने येतात. रांतेपाओच्या बोलू बाजारात, बाजाराच्या दिवशी, चिखलात त्यांच्या रांगा उभ्या राहतात. त्याच रस्त्याने कधी कधी एखादी शववाहिका चढते. आत पापुआत किंवा कालिमांतानमध्ये वारलेलं कुणी असतं, पण घरात पोचल्यावर तो आजारीच म्हणायचा, रेडे जमेपर्यंत.